इंजिन बंद पडले तर विमा कामाला येतो का?

भारतात मोटारीचा विमा असतो तो अपघात, आग, चोरी आणि नैसर्गिक आपत्ती यांच्यासाठी. गाडी चालून चालून झिजली, गिअरबॉक्स अडकला किंवा इंजिन सीज झाले, तर तो खर्च नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीच्या छापील मजकुरात हे लपवलेले नसते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसंबंधी जो भाग असतो, त्यात अपवादही दिलेले असतात आणि त्यांतले पहिलेच कलम सांगते, की परिणामी नुकसान, घसारा, झीज आणि यांत्रिक किंवा विजेच्या यंत्रणेतील बिघाड यांची भरपाई कंपनी देणार नाही. इंजिनाच्या क्लेमवरून होणारे बहुतेक वाद या एका कलमापाशी येऊन थांबतात. त्यातले झीज आणि बिघाड कुणालाही कळतात. गाडीमालकाला खरा फटका बसतो तो ‘परिणामी नुकसान’ या दोन शब्दांचा.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते, ती म्हणजे गाडीला विमा नेमका कोणता आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान यांचा. त्यातून स्वतःच्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि दरवर्षी नूतनीकरण मागतो. विम्याचा कागद तीन वर्षांचा दिसतो म्हणून निर्धास्त राहिलेल्या मालकाच्या गाडीला दुसऱ्या वर्षी स्वतःच्या नुकसानीचे संरक्षणच नसते, असे त्यामुळे घडते.

बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात, त्या पॉलिसीत भरपाईची कारणे नावानिशी दिलेली असतात : आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, वीज कोसळणे, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड, दहशतवादी कृत्य, वाहतुकीत झालेले नुकसान आणि बाहेरून घडलेला अपघात. या कारणांना एक समान धागा आहे. आग सोडली, तर ती सारी गाडीच्या बाहेरून येतात. म्हणून नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर इंजिनाकडे पाहतो तेव्हा इंजिन किती खराब झाले हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो सुरुवात कशाने झाली हा.

टायमिंग बेल्ट बदलायची मुदत उलटून गेली आणि तो धावत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड उतरवावे लागते. कूलंटची गळती अंगावर काढली, की गाडी गरम होते आणि हेड गॅस्केट उडते. वेळेवर ऑइल न बदलल्याने टर्बो निकामी होतो. क्लच प्लेट तर झिजण्यासाठीच असते. या प्रत्येकात नुकसान खरे असते आणि बिल मोठे असते, पण बाहेरून काही घडलेले नसते. हे नाकारण्यात कंपनीचा कोडगेपणा नाही. झीज प्रत्येक गाडीत होणारच असते आणि जे होणारच आहे त्याचा विमा उतरवायचा, तर हप्ता दुरुस्तीच्या खर्चाएवढाच होईल.

बिघाडातून अपघात झाला तर मात्र चित्र बदलते. ब्रेक निकामी होऊन गाडी कठड्यावर आदळली, तर चेपलेले बॉनेट, बंपर, रेडिएटर यांची भरपाई मिळू शकते. ज्या भागाच्या बिघाडामुळे ब्रेक लागला नाही, तो भाग तेवढा मालकाने स्वतःच्या पैशाने बदलायचा. आगीचेही असेच. शॉर्ट सर्किटने गाडीने पेट घेतला तर ती आग म्हणून क्लेममध्ये येते. नुसती वायर जळून गाडी बंद पडली आणि आग लागलीच नाही, तर तो विजेचा बिघाड. उंदराने वायरिंग कुरतडण्याच्या नेहमीच्या तक्रारीत कंपन्यांची भूमिका एकसारखी नसते, त्यामुळे ज्यांची गाडी उघड्यावर किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभी राहते, त्यांनी पॉलिसी घेतानाच याचे लेखी उत्तर घ्यावे.

परिणामी नुकसान म्हणजे काय, हे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरवरून सर्वांत स्पष्ट दिसते. घाटात दुरुस्ती चालू आहे, खडी पसरली आहे आणि एक मोठा दगड गाडीच्या पोटाला लागून चेंबर फुटला, असे समजा. हा बाहेरून घडलेला अपघात आहे, तेव्हा चेंबर क्लेममध्ये बसतो. गाडी तीन ते चार वर्षांच्या दरम्यानची असेल, तर धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापला जातो. चेंबरची किंमत ८,००० रुपये आणि मजुरी ३,००० रुपये धरली, तर घसाऱ्याचे २,००० आणि १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला लागू असलेली सक्तीची वजावट १,००० रुपये जाऊन कंपनी ८,००० रुपये देईल. सांडलेल्या ऑइलचे पैसे साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाहीत.

आता त्याच प्रसंगात चालकाने काय केले हे पाहू. दगड लागल्याचा आवाज झाला. थोड्या वेळात डॅशबोर्डवर ऑइलच्या बुधलीचे लाल चिन्ह पेटले. चालकाने तिथेच इंजिन बंद केले, तर हिशेब वर सांगितला तेवढ्यावर थांबतो. ‘पुढच्या गावात गॅरेज आहे, तिथवर जाऊ’ म्हणून त्याने गाडी तशीच नेली, तर ऑइलविना बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट घासत राहतात, तापतात आणि काही किलोमीटरांत इंजिन सीज होते. कंपनी चेंबरचे पैसे देते आणि लाखाच्या घरातले इंजिनाचे काम मालकाच्या माथी येते. पॉलिसीच्या अटींमध्ये याला स्वतंत्र आधारही आहे : अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक दुरुस्तीपूर्वी गाडी चालवली, तर वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची. फुटलेल्या रेडिएटरने चालवलेल्या गाडीलाही हीच अट लागते. टोचन करून गाडी जवळच्या गॅरेजला नेण्याचा खर्च पॉलिसीत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. तो काही शेकड्यांचा खर्च वाचवण्यासाठी इंजिन पणाला लावले जाते, हे गॅरेजवाल्यांना रोजचे आहे.

पाण्याची गोष्ट याहून कठीण, कारण तिथे चुकीला काही सेकंदच पुरतात. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. गाडी पाण्यातून नेताना हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी आत ओढले गेले, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर जाऊन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो; कधी तो तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. डिझेल इंजिनात दाब अधिक असल्याने इजाही मोठी होते. हवेचे तोंड बहुधा पुढच्या जाळीच्या आसपास असते, त्यामुळे पाणी तिथवर आलेले नसले, तरी शेजारून गेलेल्या बसची लाट पुरेशी ठरते. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्यासाठी स्टार्टर मारणे हा त्यातला सर्वांत घातक क्षण. तोवर आत साचलेल्या पाण्याने इंजिन नुसते थांबलेले असू शकते. स्टार्टरने रॉड वाकू शकतो.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पूर हे कारण पॉलिसीत होतेच. प्रश्न इंजिनाचा होता. पूर बाहेरून आला, पण पाण्यात गाडी चालवणे किंवा बंद पडल्यावर स्टार्टर मारणे ही मधली कृती चालकाची, म्हणून इंजिनाची हानी परिणामी, असा कंपन्यांचा युक्तिवाद. त्या काळी दर आणि पॉलिसीचा मजकूर दोन्ही सर्व कंपन्यांना सारख्याच लागू असलेल्या टॅरिफने बांधलेले होते, त्यामुळे जास्त हप्ता भरून वेगळे संरक्षण घेण्याची सोयही नव्हती. १ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले आणि पुढे इंजिन प्रोटेक्टसारखी पुरवणी संरक्षणे बाजारात आली.

उभ्या गाडीचे गणित निराळे आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा दारात, वाहनतळात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीला कुणी किल्ली लावलेली नसेल, तर सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, इंजिन उघडून साफ करणे हे सारे पुराचे थेट नुकसान म्हणून मांडता येते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते. पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवली, की हाच सरळ क्लेम वादात जातो.

इंजिन प्रोटेक्ट ही पुरवणी नेमकी परिणामी नुकसानाची फट भरण्यासाठी आहे. आत गेलेले पाणी किंवा चेंबरला बाहेरून मार बसून झालेली ऑइलगळती, यांतून इंजिन, गिअरबॉक्स यांच्या आतल्या भागांची जी हानी होते तिचा खर्च ती देते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा किंवा पुण्यातील ओढ्याकाठच्या वस्त्या, जिथे दर पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जातो, तिथल्या मालकाने ही पुरवणी न घेणे फार मोठी जोखीम आहे. तिचीही कुंपणे असतात. झिजून गेलेले इंजिन ती बदलून देत नाही. ती ठरावीक वयापर्यंतच्या गाडीलाच मिळते आणि वर्षाला किती क्लेम करता येतील यावर अनेकदा मर्यादा असते. पाण्यातून गाडी काढण्यात दिरंगाई झाली, तर अनेक कंपन्या वाढीव नुकसान नाकारतात. पाणी साचल्याचा पुरावाही मागतात.

घसारा न कापण्याची ‘झिरो डेप’ ही पुरवणी घेतली म्हणजे इंजिनही आले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. झिरो डेपमुळे मंजूर झालेल्या क्लेममधला घसारा तेवढा वाचतो. क्लेमच बसत नसेल, तर वाचायला काही उरत नाही. ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांचा खर्च हवा असेल तर त्यासाठी वेगळी पुरवणी असते. रोडसाइड असिस्टन्समधून टोचन, बॅटरीला जंप स्टार्ट, थोडेसे इंधन अशी रस्त्यावरची मदत येते. गॅरेजमधले बिल येत नाही.

आपोआप झालेल्या बिघाडासाठी खरा आधार उत्पादकाच्या वॉरंटीचा. सदोष सुट्या भागामुळे इंजिन गेले, तर मुदतीत ते काम मोफत होते आणि जास्तीचे पैसे भरून ही मुदत वाढवता येते. वाढीव वॉरंटी सहसा मूळ मुदत संपण्याआधी घ्यावी लागते आणि सर्व्हिसच्या नोंदी चुकल्या, तर ती हातची जाते. क्लच, ब्रेक पॅड, वायपर अशा झिजणाऱ्या वस्तू तिच्यातही नसतात. विजेवरच्या मोटारींच्या बॅटरीला अनेक उत्पादक ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. पण बॅटरीत पाणी शिरले, तर तो प्रश्न पुन्हा विम्याकडे येतो आणि त्यासाठी निराळी पुरवणी पाहावी लागते.

क्लेमच्या वेळी इंजिनाबाबत एक पायरी जास्तीची असते. सर्व्हेअर इंजिन उघडायला सांगतो. ओला एअर फिल्टर, पाणी मिसळून दुधी झालेले ऑइल, वाकलेला रॉड यांवरून कारण ठरते. क्लेम नाकारला गेला, तर उघडण्याची मजुरी मालकाला भरावी लागते, म्हणून गॅरेजकडून तिचा आकडा आधी घ्यावा आणि सर्व्हेअर येण्यापूर्वी काहीही उघडू देऊ नये. गाडी जिथे थांबली तिथले पाण्याच्या पातळीचे किंवा रस्त्यावरच्या दगडाचे फोटो आणि कंपनीला लगेच कळवल्याची नोंद इथे कामाला येते.

नकार लेखी आणि कारणासह मागावा. कलम वाचून तो पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. दोन्हीकडे युक्तिवाद त्याच मुद्द्यावर होतो : सुरुवात कशाने झाली आणि त्यानंतर इंजिन कुणी चालू ठेवले.