हद्द सरकवण्याचं काम

लाइटनिंग नेटवर्कवर, म्हणजे बिटकॉइनवर उभारलेल्या पेमेंटच्या जाळ्यावर, नोड चालवायचा तर रोज चॅनलची यादी उघडावी लागते. प्रत्येक चॅनलपुढे एक आडवी पट्टी: एका बाजूला आपली शिल्लक, दुसऱ्या बाजूला पलीकडच्याची. चॅनल उघडताना बिटकॉइन साखळीवर दोघांच्या सह्यांखाली रक्कम अडकवलेली असते. पुढे पेमेंट कितीही झाली तरी बेरीज तीच राहते, मधली हद्द तेवढी सरकते. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ साली मांडलेल्या या रचनेचं बळ आणि डोकेदुखी दोन्ही त्या हद्दीत आहेत.

माझं एक चॅनल एका एक्स्चेंजच्या दिशेने जातं. तिकडे सॅट (सातोशी, बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) जातात भरपूर, परत येतात थोडे. आपली बाजू संपली की त्या वाटेने पुढे जाणारं पेमेंट परत फिरतं. बाहेरून फक्त चॅनलची एकूण क्षमता दिसते, आत कोणाचे किती हे दिसत नाही. त्यामुळे पाठवणाऱ्याचं वॉलेट अंदाजानेच वाट निवडतं, अडतं आणि दुसरी वाट शोधतं.

यावर उपाय म्हणजे स्वतःलाच पेमेंट करणं. तुंबलेल्या, म्हणजे आपली बाजू भरलेल्या, चॅनलमधून पाच लाख सॅट बाहेर काढायचे आणि अनोळखी नोडमधून फिरवून रिकाम्या चॅनलने आत घ्यायचे. वाटेतले नोड शुल्क घेतात. ते मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दर दहा लाख सॅटमागे किती. त्या रिकाम्या चॅनलवर माझा दर ५०० आहे. पाच लाख पुन्हा बाहेर गेले की २५० सॅट मिळतील. फेरीवर ३०० पीपीएमची मर्यादा घातली तर खर्च जास्तीत जास्त १५०. कमांड दिली की एकेक वाट नापास होत जाते: कुठे शिल्लक अपुरी, कुठे शुल्क मर्यादेबाहेर. मग रक्कम निम्मी करायची. अडीच लाखांना वाट सापडते आणि काही सेकंदांत हद्द सरकते.

प्रत्येक चॅनल निम्म्यावर आणून ठेवण्याचा हट्ट मला पटत नाही. ज्यातून काही वाहतच नाही, त्याचा समतोल साधून मिळणार काय? आधी दर हलवून पाहावा: आटत्या चॅनलवर वाढवावा, तुंबलेल्यावर उतरवावा. मात्र तासातासाला नको. नवा दर नेटवर्कभर पसरायला वेळ लागतो, तोवर जुन्या, कमी दराने आलेली पेमेंट फुकट परत जातात.

एवढ्यानेही भागलं नाही तर साखळीवरचं बिटकॉइन देऊन लाइटनिंगवर सॅट घेता येतात. पण तिथे मायनरचं शुल्क पडतं, म्हणून मेमपूलमधली, म्हणजे साखळीवर नोंद होण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची, गर्दी ओसरेपर्यंत मी ते चॅनल तसंच रिकामं राहू देतो.