देव पाठमोरा वाटतो तेव्हा

आज गुड फ्रायडे. आज कॅथलिक चर्चमध्ये घंटा वाजणार नाही. काल पवित्र गुरुवारच्या मिस्सातच ती मुकी झाली. तिच्या जागी लाकडाचा कोरडा खडखडाट तेवढा ऐकू येतो. वेदी उघडी आहे, तिच्यावर वस्त्र नाही, फुले नाहीत. आज मिस्साही होत नाही. सणासुदीला घंटानादाने दुमदुमणारे मंदिर आज इतके निःशब्द का? कारण देवाचे मौन हाच आजच्या दिवसाचा विषय आहे.

हे मौन ज्यांच्या घरी वर्षभर मुक्कामाला असते, अशा वाचकांसाठी आम्ही आज लिहीत आहोत. काही दिवसांपूर्वी एका प्रौढ भगिनीने आम्हांला विचारले, “देव सर्वांवर प्रेम करतो म्हणतात, मग त्या सर्वांत मीच का नाही?” पतीचे दीर्घ आजारपण आणि त्यानंतरचे एकाकीपण त्यांनी सोसले होते. प्रार्थनेत एक दिवसाचाही खंड नव्हता. परंतु आपण भिंतीशी बोलतो आहोत, असे त्यांना वाटू लागले होते. कोणी म्हणाले, तुमची श्रद्धा उणी पडते. कोणी सुचविले, एखादे पाप कबूल करावयाचे राहिले असेल. या उपदेशाने दुःख हलके तर झाले नाहीच, उलट त्यावर अपराधाचे ओझे चढले. आम्हांलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. आजच्या दिवसापाशी ते उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

क्रूसावरील प्रश्न

मत्तय व मार्क यांची शुभवर्तमाने सांगतात की, भर दुपारी देशभर अंधार पडला आणि तिसऱ्या प्रहरी येशूने मोठ्याने आक्रोश केला. देवाने आपणांस का सोडले, असा तो प्रश्न होता. एखाद्या चरित्रकाराने आपल्या प्रभूचा असा उद्गार झाकून ठेवला असता. मार्काने तो झाकला नाहीच. ग्रीक भाषेत लिहिताना त्याने येशूच्या तोंडचे अरामी शब्दही जसेच्या तसे जपून ठेवले.

हा उद्गार बाविसाव्या स्तोत्राचा प्रारंभ आहे. ते स्तोत्र तक्रारीने सुरू होते आणि स्तवनापाशी पोहोचते. परंतु मधली वाट लांब आहे, आणि येशूला मधल्या वाटेवरचे दुःख चुकले नाही. ज्याने आपल्याला टाकले असे वाटते, त्यालाच ‘माझा’ म्हणून हाक मारणे, हे या प्रार्थनेचे मर्म होय. मराठी मनाला हे परके नाही. तुकोबांनी पांडुरंगाशी मांडलेले भांडण आपण जाणतो. भांडण होते ते आपल्या माणसाशीच.

कलकत्त्याची पत्रे

मदर तेरेसांची हसरी मुद्रा साऱ्या जगाने पाहिली. १९५० मध्ये त्यांचा ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन झाला, १९७९ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि १९९७ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा वाचणारे स्तब्ध झाले. १९५८ मधील काही आठवड्यांचा अपवाद सोडला, तर सुमारे अर्धशतक त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव नव्हता. आपण देवाला नकोशा झालो आहोत, ही वेदना त्या पत्रांतून पुन्हा पुन्हा उमटते. ही पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची विनंती होती. ती मानली गेली नाही, म्हणूनच ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे.

या अंधारात त्यांना आधार देणाऱ्यांपैकी एक पुण्याचे होते. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले जेजुइट. त्यांनी पुण्यात दीर्घकाळ धर्मशास्त्र शिकविले. १९६१ साली मदरनी आपली व्यथा त्यांच्यापुढे मांडली. या अंधारावर मानवी उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. येशू जाणवणे हाच तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. त्याच्यासाठी लागलेली तहान हीच त्याच्या गुप्त सान्निध्याची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या सेवाकार्याचाच अंतरंग भाग आहे.

अंधार सरला नाही. परंतु अकरा वर्षांत प्रथमच त्याच्यावर प्रेम करता आले, असे मदरनी त्यांना कळविले. रस्त्यावर पडलेल्या, कोणालाच नको असलेल्या माणसात त्यांनी स्वतःच्या आत्म्याचे चित्र पाहिले. कदाचित म्हणूनच त्या माणसापाशी बसताना त्यांना उपदेश करावा लागला नसावा.

रिकामी खुर्ची

वाचकहो, घरातील रिकामी खुर्ची घरच्यांनाच सलते; रस्त्याने जाणाऱ्याला तिचे काय? ज्याला देव नकोच असतो, त्याला देवाच्या दूर असण्याचे दुःखही नसते. आपल्याला ते दुःख होते, याचा अर्थ नाते तुटलेले नाही. प्रेम जाणवणे ही एक गोष्ट आणि प्रेम असणे ही दुसरी. तापाने जिभेची चव गेली, म्हणून आईने रांधलेले अन्न बेचव ठरत नाही.

म्हणून प्रार्थनेला शब्द फुटत नसतील, तर तक्रारच करावी. तीही प्रार्थनाच आहे. आपली व्यथा एका तरी विश्वासू माणसाला सांगावी. मदरनीही ती सांगितली होती. झोप उडाली, अन्न नकोसे झाले, जगणेच जड झाले, तर विनाविलंब डॉक्टरकडे जावे. मनाच्या आजारावर उपचार घेणे हा श्रद्धेचा पराभव नव्हे. आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोणी एकटे बसलेले दिसले, तर उपदेश न करता त्याच्या शेजारी जाऊन बसावे.

परवा ईस्टर. योहानाच्या शुभवर्तमानात त्या पहाटे मरिया मग्दालिया रिकाम्या कबरेपाशी रडत उभी आहे. येशू तिच्या मागेच उभा आहे. पण अश्रूंच्या पडद्याआडून तिला तो माळी वाटतो. तो तिला बोल लावीत नाही, तिच्या श्रद्धेची परीक्षाही घेत नाही. केवळ नाव घेऊन हाक मारतो, आणि ती वळून पाहते.

त्या भगिनीला आम्ही आता एवढेच सांगू: तुमच्या नावाची हाक अजून ऐकू आली नसेल, पण ज्याला तुम्ही शोधता आहात, तो तुम्ही रडत असतानाही तुमच्या मागे उभा आहे.