इन्सुलीहून निघणाऱ्या आडवाटा

2025 सालच्या अखेरीस ओंकार नावाचा रानहत्ती गोव्याच्या पेडणे तालुक्यातून परत फिरला आणि सिंधुदुर्गातल्या बांदा-इन्सुलीच्या शेतांत उतरला. फटाके, आरडाओरडा, मोबाइल उंचावून मागे लागलेली गर्दी. पिकाचं नुकसान खरंच होतं. पण त्याला त्याच्या रानातून कुणी बाहेर काढलं, हे विचारायला फार थोडे पुढे आले.

त्याच रानात फिरायला जाण्याची इथली गोष्ट मोटारींपासून सुरू होते. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा त्या मोजक्याच घरी होत्या. नव्वदचं दशक कोकण रेल्वेची वाट पाहण्यात सरलं. रानवाटांवरच्या या सहलींचा खरा बहर 2002 नंतरचा. तोवर इन्सुली-बांद्याच्या बऱ्याच अंगणांत जुनी मारुती किंवा ओम्नी आली होती. भात घरात आलं, सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा आटोपली, की सुट्टीच्या सकाळी धुकं असतानाच कुटुंबं बाहेर पडत. कुणी विलवड्यावरून ओटवणे, सरमळ्याकडे. कुणी बांद्याहून दोडामार्गाचा रस्ता धरून मध्येच तळकट, झोळंबे, कोलझरला वळे. डब्यात घावणे, वाटेत व्हाळाचं पाणी. रस्ता एका गाडीपुरता. समोरून एसटी आली की मागे जावं लागे. पोफळीच्या बागा, ऐन-किंजळीचं रान, माथ्यावरून जाणाऱ्या धनेशाच्या पंखांचा घरघराट. त्याच 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले होते. ताजी लीद दिसली की आजोबा गाडी थांबवायला लावत, आणि मागच्या सीटवर एकदम शांतता पसरे.

हे रान बहुतेक खासगी मालकीचं. सातबारावर नावं होती, म्हणून ते विकताही आलं. त्याच दशकात दलाल फिरले, डोंगरच्या डोंगर साफ होऊन रबराच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या रांगांत गव्याला चारा नाही, धनेशाला फळ नाही. ज्यांनी विकलं ते सगळेच नडलेले नव्हते, हेही बोललं पाहिजे. कळण्याच्या डोंगरात लोहखनिजाची खाण आली. जुलै 2021 मध्ये तिथला बांध फुटून चिखल गावात घुसला.

2013 साली उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. करवती थांबल्या नाहीत. 2020 मध्ये तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं, आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाने इथली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्यासाठी सरकारला मुदत घातली. त्यावर पुढाऱ्यांचा एकच सूर: विकास अडेल. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून निघणारा शक्तिपीठ महामार्ग पत्रादेवीला आणण्याची आखणी मात्र जोरात आहे.

झाराप-पत्रादेवी चौपदरी रस्ता झाल्यापासून इथली पोरं रविवारी सुसाट गोवा गाठतात. त्यांना दोष का द्यावा? रानाकडे वळायचं कुठे, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. येत्या थंडीत घरच्या मोठ्यांनी त्यांना एकदा तळकटला न्यावं. आणि ग्रामसभेत 25 गावांचा विषय निघाला, तर घरी बसू नये.