रानातील पावसाळी डबकी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाऊ लागले, की रानात अधूनमधून खोलगट जागा आढळतात. उन्हाळ्यात तेथे वाळलेला पाचोळा आणि भेगाळलेली माती यांवाचून काही नसते. मृगाचा पाऊस कोसळला, की त्याच जागी पाणी साचते आणि पावसाळा सरल्यावर ते हळूहळू आटून जाते. बारमाही पाणी नाही, म्हणून आपण या डबक्यांना कवडीमोल लेखतो आणि रस्ता वा घर बांधताना त्यांत खुशाल भर घालतो. वस्तुतः त्यांचे आटणे हेच त्यांचे महत्त्व होय.

ज्या पाण्याला दरसाल खंड पडतो, त्यात मासे टिकत नाहीत. मासे नसल्यामुळे बेडकांची पुष्कळशी अंडी व पिले बचावतात. मात्र पाणी आटण्यापूर्वी पिलांना पाय फुटून ती जमिनीवर आली पाहिजेत. अशी ही शर्यत असते. आपल्या घाटातील हिरवा उडता बेडूक तर पाण्यात अंडी घालीतच नाही. डबक्यावर ओणवलेल्या फांदीवर मादी पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी ठेवते. काही दिवसांनी पिले त्या फेसातून टपटप खाली पडतात. खालचे डबके बुजविले असेल, तर ती मातीवर पडतात व मरतात.

सह्याद्रीच्या कातळांवरील खळग्यांत झिंग्याच्या दूरच्या नात्यातील एक चिमुकला, पारदर्शक जीव उताणा पोहताना दिसतो. त्याची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात!

डबक्यांमुळे डास होतात, असे कोणी म्हणेल. ती भीती अगदीच खोटी नाही. परंतु रानातील डबक्यात चतुराची पिले डासांच्या अळ्या फस्त करतात. परसात पडलेल्या जुन्या टायरात तसा बंदोबस्त नसतो.

विद्यार्थिमित्रहो, बेडकाची आकृती आपण परीक्षेपुरती काढतो. त्याऐवजी वडील माणसांना बरोबर घेऊन एकच डबके दर आठवड्यास पाहावे. खुणा केलेल्या काठीने काठाशीच पाण्याची खोली मोजावी, पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेऊन त्यातील जीव न्याहाळावेत व ते तेथेच परत सोडावेत. तारीखवार टिपण मात्र हवेच. मे महिन्यातही एक फेरी मारावी. तेव्हा जागा ओसाड दिसेल, तरी माती उकरू नये. एखादा बेडूक तिच्याखाली पावसाची वाट पाहत निजलेला असतो.