शेगडीवरचा दिवा : निवडताना काय पाहाल?

म्हसवडसारख्या कोरड्या माणदेशी हवेतही शेगडीवर ओलावा असतोच. भाकरी फुगताना सुटणारी वाफ, फोडणीचा तेलकट धूर आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून दिव्यावर चिकट थर धरतो.

* आयपी क्रमांक : पहिला आकडा धुळीपासून संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासून.
* आयपी २० : पाण्यापासून संरक्षण नाही.
* आयपी ४४ : शिंतोडे सोसतो.
* आयपी ६५ : धूळ आत जात नाही, पाण्याची धारही सोसतो.
* उष्णता : आयपी क्रमांकात ती मोजलेली नसते. वेष्टनावरचे कमाल तापमान वेगळे पाहावे.
* एलईडी : उष्णतेने ड्रायव्हरचे (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचे) आयुष्य घटते. दिवा ज्योतीच्या थेट वर नसावा.
* आवरण : टफन्ड काच उष्णता सोसते. साधे प्लास्टिक पिवळे पडते.
* प्रकाश : २७०० केल्व्हिन पिवळसर, ४००० पांढरा, ६५०० निळसर पांढरा.
* सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) : ८० किंवा अधिक असावा. लसूण लालसर झाला की करपला, हे नीट दिसते.
* सुरक्षा : अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. बटण बंद करून, दिवा गार झाल्यावरच पुसावा.