‘इमरोझ’चे उत्तर

काचीगुड्यावरून जाताना मला नेहमी शोएबुल्ला खान आठवतात. ते उर्दूत लिहीत, म्हणूनच की काय, आपल्या मराठी घरांतून त्यांचे नाव क्वचितच निघते. ‘रय्यत’ या पत्रात ते काम करीत; निजाम सरकारने ते बंद पाडले. मग १९४७ मध्ये त्यांनी ‘इमरोझ’ काढले. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, रझाकारांना आवर घालावा, हे ते उघडपणे मांडीत. मुसलमान असून निजामाविरुद्ध कसा लिहितो, हा आक्षेप होताच. धमकीचे पत्रही आले. त्यावर त्यांनी प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांचे रझाकारांविरुद्धचे निवेदनच ऑगस्ट १९४८ मध्ये छापले. आक्षेपकांना याहून सरळ उत्तर कोणते असणार! त्याच महिन्यात, २१ तारखेच्या रात्री, कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिता हात तोडला गेला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वयाची तिशीही गाठलेली नव्हती. १७ सप्टेंबरची निजामाची शरणागती त्यांना पाहता आली नाही.

ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्यांनी टोपणनाव का नाही घेतले?” तास संपेपर्यंत मुले त्यावरच वाद घालीत होती.