मामाजींची जाळरेषा

मामाजी गेले त्यानंतर भरलेल्या शोकसभेत एका वक्त्याने, वनखात्यातील माणसांविषयी जे बोलण्याचा शिरस्ताच पडून गेला आहे तेच म्हटले, की अरण्याच्या नादापायी या गृहस्थाने संसाराकडे कधी ढुंकून पाहिले नाही. सभेत त्यावर कोणी काही बोलले नाही. घरी परतल्यावर मात्र सासूबाईंनी चपला काढता काढता, "पाहिलं नाही म्हणे! मग चार लेकरांच्या फियांचा हिशेब काय वाघानं ठेवला होता?" एवढे विचारले आणि त्या आत निघून गेल्या. त्यांचा प्रश्न मला सर्वस्वी रास्त वाटतो. कारण माझ्या या श्वशुरांची खरी ओळख मला पटली ती मेळघाटातल्या एका जाळरेषेवर, आणि तीही जावयाच्या पहिल्या संक्रांतीच्या निमित्ताने.

लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणजे जावयाने परतवाड्यास जाऊन पाटावर बसावे आणि मानपान करून घ्यावा, ही रीत. त्याऐवजी मामाजींचे कार्ड आले. सण चुकवण्याची इच्छा नाही, परंतु रेषा अर्धवट पडली आहे आणि ती टाकून येणे होत नाही; तरी उभयतांनी सेमाडोहाच्या एस.टी.ने इकडेच यावे, मुलांना व त्यांच्या आईलाही बोलावले आहे; थंडी कडाक्याची असल्याने अंथरूण-पांघरूण पुरेसे आणावे, असा मजकूर होता, आणि खाली, सरकारी कागदावर घालावी तशी, तारीख व मुक्काम घालून सही. मी थोडा नाराज झालो हे कबूल करतो. पण गेलो.

१९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते, आणि मी गेलो तेव्हा त्या गोष्टीला दोनतीन वर्षेच झाली होती. सातपुड्याचा हा मुलूख खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्यांनी चिरत नेलेला आहे. उतारांवर साग, त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, मोह, आणि ओढ्यांच्या काठाने बांबू. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत हिवाळ्यात वाळते, त्यावर सागाची सुपाएवढी पाने गळून पडतात, आणि मग एखादी विडीची ठिणगीही मैलोगणती रान फस्त करावयास पुरते. फेब्रुवारीच्या १५ तारखेपासून जूनच्या १५ तारखेपर्यंतचा काळ खाते आगीचा हंगाम म्हणून धरते. त्यापूर्वी वनाच्या हद्दीने, रस्त्यांच्या कडेने आणि वनाच्या पोटातून ठरीव रुंदीचे पट्टे कापून व जाळून मोकळे करावयाचे, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस जाण्याआधी तिला खावयास काही मिळू नये, ही जाळरेषेमागची कल्पना. कल्पना चार ओळींत सांगता येते. पण ज्याला ती डोंगरउतारावर, वाऱ्यात, रोजंदारीच्या माणसांकडून तडीस न्यावयाची असते, त्याची झोप ती हंगामभर उडवते.

आम्ही पोचलो त्या दिवशी मामाजी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, दगडांच्या एका मुनाऱ्यापाशी उभे होते. अंगात खाकी कोट, पायात ठिगळ लावलेले बूट, हातात काठी. "या जावईबुवा, दमला असाल, त्या दगडावर बसा, पण वाऱ्याच्या बाजूला बसू नका," असे स्वागत झाले. पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत आधीच कापून आत लोटून ठेवले होते, जेणेकरून मधले इंधन दाट व्हावे आणि कडा उघड्या पडाव्यात. रेषेलगत उभी असलेली वठलेली झाडे तोडून आडवी केली होती, मी कारण विचारताच ते म्हणाले, "पोकळ खोडाला आतून आग लागली, की त्याचं धुराडं होतं, आणि वरून उडणारी ठिणगी कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही." कोरकू मजूर दोन्ही कडांनी पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर, ओल्या डहाळ्या हातात घेऊन उभे राहिले. तरीही पेटवण्याचा हुकूम होईना. ऊन उतरले, दरीतून वर चढणारा वारा मंदावला, आणि मामाजींनी चिमूटभर सुकी माती बोटांतून सोडून ती कोणीकडे जाते हे दोनदा पाहिले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते कोणत्याही नियमपुस्तकात असेल असे मला वाटत नाही. काठीने गवत बडवीत, तोंडाने हाकारा घालीत, ते पट्ट्याच्या मधून खालपर्यंत स्वतः चालत गेले, आणि त्यांच्यापुढून लाव्यांचा एक थवा फडफडत उठला, मग एक ससा, मग आणखी काहीतरी सळसळत गेले. पुन्हा चढून वर आल्यावर, धाप लागलेल्या स्वरात, त्यांनी मेटाला, म्हणजे मजुरांच्या मुकादमाला, नुसती मान हलवून खूण केली.

आग उतारावर वरून खाली जाळीत आणावयाची असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. खाली पेटवली तर ती चढाने धावते आणि माणसाच्या हाती राहत नाही. वर पेटवली म्हणजे तिला उतरावे लागते, आणि उतरताना ती नाखुशीने, हातभर उंचीच्या ज्वाळांनी, पावलापावलाने उतरते. वाळल्या गवताच्या टेंभ्याने मेटाने वरची कड आडवी पेटवत नेली. सागाची पाने प्रथम कडांनी वळली, मग तडतडली; बांबूचे एक बेट पट्ट्यात शिरले होते त्याची पेरे बंदुकीच्या बारासारखी फुटू लागली. कडेवरची माणसे आगीबरोबर खाली सरकत होती, आणि जीभ बाहेर आली की डहाळीने ती दाबत होती. आपटत नव्हती, कारण आपटल्याने ठिणग्या उडतात. मामाजी या सर्वांच्या मागून, जळून गेलेल्या काळ्या भागातून येत होते. पुढे ज्वाळांपाशी सर्वांचेच लक्ष असते, म्हणून धोका मागे राहतो, असे त्यांचे मत. गव्याचे वाळके शेण, झाडाचे बुंधे, अर्धवट जळलेला ओंडका, जो रात्री केव्हातरी सुटून गडगडत रेषेपलीकडे जाईल. यांतील प्रत्येक गोष्ट ते काठीने उलथून पाहत, आणि ज्यातून धूर येई त्यावर माती ओढवीत. अंधार पडून दव उतरू लागल्यावरही ते तिथेच होते.

त्या रात्री मुक्कामाच्या झोपडीपुढे संक्रांत झाली. सासूबाईंनी तिळगुळाचा डबा उघडताच मामाजींनी तो मागून घेतला, आणि हजेरीपटावरच्या नावांच्या क्रमाने, मेटापासून आरंभ करून, प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला. मग मुलांना, आणि जावयाची पाळी शेवटी. लगोलग कंदिलापुढे बसून ते धाकट्या मुलाचे त्रैराशिक तपासू लागले. त्रैराशिकातही त्यांनी मजुरांचा आणि जाळरेषेच्या लांबीचाच प्रश्न घातला होता, आणि मुलाचे उत्तर चुकले तेव्हा, "इतक्या माणसांना इतके दिवस लागले तर मला मेमो येईल," असे म्हणून ते पुन्हा सोडवावयास दिले. एरवी मुले परतवाड्यास शिकत आणि हे अरण्यात. त्या काळात प्रत्येक मुलास वेगळे कार्ड लिहून ते एस.टी.च्या चालकाहाती पाठवीत. ती कार्डे मी पुढे पाहिली. त्यांत एकात दात घासण्याविषयी सूचना आहे, एकात रातव्याचा आवाज कसा ओळखावा हे आहे, आणि मोठ्या मुलीला, म्हणजे माझ्या पत्नीला, लिहिलेल्या एकात दोन्ही आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला रेषेवर घेऊन गेले. राखेवर रात्रीचा सगळा जमाखर्च उमटलेला होता: मोराची तीन बोटे, सांबराचे खूर, एका लहानशा मार्जाराची मऊ पावले. वाघ नव्हता. मला वाटलेली निराशा त्यांच्या ध्यानात आली असावी, पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. राखेवर रात्रीतून पडलेली सागाची ताजी पाने ते काठीने मोजल्यासारखी बाजूला करीत होते. सागाची गळ पुढे मार्चपर्यंत चालते, तेव्हा जानेवारीत जाळलेली रेषा तशीच सोडली तर महिन्याभरात तिच्यावर पाल्याचा पूल तयार होतो, आणि आग त्यावरून आरामात पलीकडे जाते. म्हणून ती पुन्हा पुन्हा लोटावी लागते. कागदावर मात्र रेषा एकदा जळाली, की झाली. नेमक्या त्याच सुमारास होळी येते, जो कोरकूंचा वर्षातला मोठा सण, आणि मजूर कित्येक दिवस कामावर फिरकत नाहीत. मामाजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. होळीपूर्वीच लोटणीचा एक हात उरकून ते मजुरांना रजा देत, फगवा आपल्या खिशातून देत, आणि ते दिवस स्वतः दाताळे घेऊन रेषेवर काढीत.

वणव्याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारण्याची खात्यातील वहिवाट त्यांना पसंत नव्हती. मोहाची फुले मार्च-एप्रिलात पहाटे गळतात, ती पाल्यात हरवू नयेत म्हणून बायामाणसे झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग पसरते, हे खरे. १९२७ च्या वन अधिनियमान्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हाही आहे. परंतु, "पोटासाठी लावलेल्या काडीचा पंचनामा करण्यापेक्षा पाला झाडून द्यायला आपला माणूस नेमलेला बरा," असे ते म्हणत, आणि आपल्या वर्तुळात शक्य तितक्या मोहांखाली त्यांनी तसे केले. माझ्या मते वनरक्षणाविषयी मी वाचलेल्या कित्येक अहवालांहून हे वाक्य अधिक शहाणपणाचे आहे.

आमच्या पहिल्या मुलीसाठी त्यांनी पाळणा करविला तो सागाचाच. आयुष्यभर सागात राहिलेल्या माणसाने त्याचे लाकूड परतवाड्याच्या डेपोतून, लिलावात, चारचौघांसारखी बोली लावून घेतले. वाहतुकीचा परवाना काढला. आणि सुताराला, फळीवर आलेली खात्याच्या हातोड्याची खूण रंधू नये, अशी ताकीद दिली. ती खूण पाळण्याच्या खालच्या अंगाला अजून आहे. पाळणा मागावयास आलेल्या प्रत्येक नातीला सासूबाई आधी डेपोची पावती दाखवतात, मग पाळणा देतात, आणि परत आणताना दोन्ही मोजून घेतात.